त्यांचं नाव पटावर राहू द्या

महाराष्ट्रातील विद्यापीठांचे कुलगुरू, महाविद्यालयांचे प्राचार्य आणि विभागप्रमुख यांस,

विषय : शांततामय आंदोलनात अटक झालेल्या विद्यार्थ्याचं नाव पटावरून न काढण्याबाबत.

स. न. वि. वि.

मी नागपूरचा. चौतीस वर्षं एका महाविद्यालयात इतिहास शिकवला, आता घरी असतो. हे पत्र लिहायला बसलो त्याला दोन कारणं आहेत. एक माझ्या स्वतःच्या नोकरीतलं आहे, ते पुढे सांगतो. दुसरं कारण म्हणजे एक माणूस. तो आमच्या गावात तीन वर्षं राहून गेला, आणि आमच्याच गावात त्याचं नाव फारसं कुणाला ठाऊक नाही.

जेम्स लॉसन १९५३ साली नागपुरात आले तेव्हा जेमतेम पंचविशीचे होते. अमेरिकेतले कृष्णवर्णीय तरुण, मेथडिस्ट पंथाचे. कोरियाच्या युद्धाच्या काळात सक्तीची सैन्यभरती नाकारली म्हणून तेरा महिने तुरुंगात काढून आलेले. हिस्लॉप कॉलेजात ते मुलांना खेळ शिकवायचे, आणि ज्यांनी गांधींची चळवळ जवळून पाहिली होती अशा माणसांना गाठून सत्याग्रह समजून घ्यायचे. नागपूर तेव्हा मध्य प्रदेशाची राजधानी होतं. १९५५च्या डिसेंबरात त्यांनी इथल्याच एका वर्तमानपत्रात अमेरिकेतल्या माँटगोमेरी शहरात कृष्णवर्णीयांनी सुरू केलेल्या बसबहिष्काराची बातमी वाचली आणि त्यांना आनंद आवरेना. जे शिकायला ते सातासमुद्रापार आले होते ते त्यांच्या घरी सुरू झालं होतं. पुढच्या वर्षी ते परतले. १९५७मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची भेट झाली, किंग यांनी त्यांना दक्षिणेत येण्याचा आग्रह केला, आणि १९५८मध्ये लॉसन टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिल शहरात राहायला गेले. तिथल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात त्यांनी धर्मशास्त्राच्या अभ्यासक्रमाला नाव घातलं. आणि एका चर्चच्या तळघरात संध्याकाळी शिकवणी सुरू केली.

ही शिकवणी कशी होती ते थोडं सविस्तर सांगतो, कारण तुम्ही सगळे शिकवणारे आहात.

तळघरात खुर्च्या ओळीने मांडायच्या. हा दुकानातला लंच काउंटर. काही मुलं-मुली त्यावर बसणार. बाकीच्यांनी गोऱ्या गुंडांचं सोंग घ्यायचं. मागून येऊन शिव्या द्यायच्या, सिगारेटचा धूर तोंडावर सोडायचा, केस ओढायचे, खुर्चीवरून खाली पाडायचं. बसलेल्याने हात उचलायचा नाही, उलट बोलायचं नाही. पडलं तर डोकं आणि पोट कसं झाकायचं, एखाद्यावर फारच मार पडत असेल तर मारणाऱ्याला न मारता आपलं अंग मध्ये कसं घालायचं, मारणाऱ्याच्या डोळ्यांत कसं पाहायचं, याचा सराव आठवड्यामागून आठवडे चालायचा. विद्यार्थी वेगवेगळ्या कॉलेजांतले होते. फिस्क विद्यापीठातली डायन नॅश, बॅप्टिस्ट सेमिनरीतले जॉन लुइस आणि बर्नार्ड लाफायेट. वयं वीस-एकवीसच्या आगेमागे. म्हणजे आपल्याकडच्या पदवीच्या वर्गातली.

नॅशव्हिलच्या मोठ्या दुकानांमध्ये कृष्णवर्णीयांना सगळं विकत मिळायचं. साबण, कापड, वह्या, मुलांचे बूट. पैसे घेताना कुणाला विटाळ होत नव्हता. फक्त त्याच दुकानातल्या जेवणाच्या काउंटरवर, त्या गोल फिरत्या स्टुलावर बसायचं नाही. महाडचं तळं ज्याला माहीत आहे त्याला यातली गोम वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

१ फेब्रुवारी १९६०ला उत्तर कॅरोलिना राज्यातल्या ग्रीन्सबरो इथे चार कृष्णवर्णीय विद्यार्थी वूलवर्थ नावाच्या दुकानाच्या काउंटरवर जाऊन बसले. नॅशव्हिलची मुलं तर कित्येक महिने तयारीच करत होती. १३ फेब्रुवारीला तीही बसली, मग पुन्हा, मग पुन्हा. २७ तारखेच्या शनिवारी मारहाण होणार आणि अटकही होणार, अशी कुणकुण आधीच लागली होती. लुइस आणि लाफायेट यांनी नियमांचा एक कागद तयार केला आणि त्याच्या प्रती वाटल्या. मारलं किंवा शिवी दिली तरी उलट करू नका. मोठ्याने हसू नका. दुकानाच्या माणसांशी हुज्जत घालू नका. दारं अडवू नका. ताठ बसा, तोंड काउंटरकडे ठेवा. सगळ्यांशी सौजन्याने वागा. तळाशी येशू, गांधी आणि किंग यांची शिकवण आठवा, असं लिहिलं होतं. हा कागद मी माझ्या वर्गात अनेकदा फळ्यावर उतरवला आहे. आपल्या माहितीपत्रकांतले शिस्तीचे नियम यापेक्षा लांबलचक असतात, पण त्यांत इतकी शिस्त नसते.

झालं तसंच. गुंड आत शिरले, मुलांना स्टुलांवरून ओढून लाथा घातल्या, आणि पोलिसांनी पकडलं ते मार खाणाऱ्यांना. एक ओळ पकडून नेली की दुसरी येऊन बसायची, ती नेली की तिसरी. त्या दिवशी ८१ विद्यार्थी पकडले गेले. खटल्यात त्यांच्या बाजूने झेड. अलेक्झांडर लूबी हे ज्येष्ठ कृष्णवर्णीय वकील उभे राहिले, तर ते बोलत असताना न्यायाधीशांनी त्यांच्याकडे पाठ फिरवली. दंड झाला प्रत्येकी ५० डॉलर आणि खर्च. नाही भरला तर महिनाभर मजुरीची कैद. डायन नॅशने सांगितलं की आम्ही दंड भरणार नाही, भरला तर या अटकेतल्या आणि या शिक्षेतल्या अन्यायाला आम्हीच हातभार लावल्यासारखं होईल. आणि ती मुलं तुरुंगात गेली.

त्यांच्यातल्या कित्येकांचे आई-बाप शेतमजूर, घरकाम करणारे, लहानसहान नोकऱ्या करणारे. पोटाला चिमटा घेऊन मुलांना कॉलेजात धाडलेले. अशा घरात ‘तुरुंग’ हा शब्द म्हणजे नाक कापलं जाणं. जॉन लुइस यांच्या आईनेही त्यांना यातून बाहेर पडायला कळवलं होतं. मला त्या माऊलीचा राग येत नाही. माझी आईही हेच म्हणाली असती.

आता मुद्द्याचं. मुलं आत गेल्यावर त्यांच्या विद्यापीठांनी काय केलं?

व्हँडरबिल्टने लॉसन यांना काढून टाकलं. शहरातल्या एका वर्तमानपत्राने त्यांच्याविरुद्ध रान उठवलं होतं. त्या वर्तमानपत्राचे मालक विद्यापीठाच्या विश्वस्त मंडळावर होते. मंडळाच्या कार्यकारी समितीने सांगितलं, स्वतःहून जा, नाहीतर काढू. लॉसन गेले नाहीत. ३ मार्च १९६०ला त्यांचं नाव कमी झालं. पदवी अवघ्या काही महिन्यांवर आली होती. दुसऱ्या दिवशी पोलिसांनी त्यांना चर्चमधून अटक केली.

कुलगुरू होते हार्वी ब्रॅन्सकोंब. त्यांना खलनायक ठरवून मोकळं होणं सोपं आहे, पण ते खरं होणार नाही. व्हँडरबिल्टची दारं कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी थोडीतरी उघडली ती त्यांच्याच कारकिर्दीत. शहाणे, मोजूनमापून पावलं टाकणारे गृहस्थ होते. देणगीदार सांभाळायचे, विश्वस्त सांभाळायचे, सुधारणाही हळूहळू करायची, अशा विचाराचे. मी असे प्राचार्य पाहिले आहेत, त्यांच्या हाताखाली काम केलं आहे, त्यांच्याविषयी मला आदरही आहे. अशा माणसाच्या टेबलावर एक दिवस एका विद्यार्थ्याची फाइल येते आणि त्याला दोन दिवसांत ठरवावं लागतं. ब्रॅन्सकोंब यांनी जे ठरवलं त्याचा पुढे त्यांना पश्चात्ताप झाला. तोवर लॉसन बॉस्टनला जाऊन पदवी घेऊन मोकळे झाले होते.

पण त्याच विद्यापीठातल्या प्राध्यापकांचं वागणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. लॉसन यांच्या जामिनाचे पैसे धर्मशास्त्र शाखेच्या अधिष्ठात्यांनी आणि प्राध्यापकांनी उभे केले. त्यांना परत घ्या म्हणून त्यांनी प्रशासनाशी आठवडेच्या आठवडे वाद घातला. ते जमेना तेव्हा अधिष्ठाता जे. रॉबर्ट नेल्सन यांच्यासह शाखेतल्या बहुसंख्य प्राध्यापकांनी राजीनामे दिले. गोरे लोक, पक्क्या नोकऱ्या, बायकामुलं. एका विद्यार्थ्यासाठी. नोकरीच्या काळात हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. का, ते पुढे येईलच.

त्याच शहरात फिस्क विद्यापीठ. कृष्णवर्णीयांचं, जुनं, नावाजलेलं, पण व्हँडरबिल्टच्या मानाने गरीब. त्याचे अध्यक्ष स्टीफन राइट. अटकेच्या दुसऱ्याच दिवशी, रविवारी, विद्यार्थी फिस्कच्या चॅपलमध्ये जमले होते. राइट तिथे आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले की विद्यार्थी जे मागत आहेत ते मला मान्य आहे, आणि माझ्या माहितीप्रमाणे त्यांनी कुठलाही कायदा मोडलेला नाही. एवढंच. कृष्णवर्णीय विद्यापीठांच्या अध्यक्षांनी असं उघड बोलणं तेव्हा जवळजवळ कुठेच घडलं नव्हतं. देणग्या त्यांनाही हव्या होत्या, विश्वस्त त्यांनाही होते.

विद्यापीठाच्या प्रमुखाने असं एक वाक्य बोललं की काय होतं, याचा विचार करा. तुरुंगातल्या मुलीला कळतं की बाहेर आल्यावर आपल्या बाकावर आपली जागा आहे. गावाकडच्या बापाला कळतं की साहेब आपल्या पोरीला गुन्हेगार म्हणत नाहीत. शहरातल्या घाबरलेल्या माणसांनाही धीर येतो. नॅशव्हिलमध्ये लोकांनी जामिनासाठी स्वतःची घरं तारण द्यायची तयारी दाखवली, बायकांनी मुलांसाठी जेवण रांधून पाठवलं, आणि ईस्टरच्या ऐन खरेदीच्या दिवसांत कृष्णवर्णीय गिऱ्हाईक बाजारपेठेकडे फिरकलंच नाही. दुकानदारांचा गल्ला रिकामा राहिला. १९ एप्रिलच्या पहाटे लूबी वकिलांच्या घरावर डायनामाइट टाकलं गेलं. लूबी पती-पत्नी वाचले, पण स्फोट एवढा होता की समोरच्या मेहॅरी मेडिकल कॉलेजच्या १४७ खिडक्यांच्या काचा फुटल्या. त्याच दिवशी हजारो माणसं एक शब्द न बोलता महापालिकेपर्यंत चालत गेली. पायऱ्यांवर डायन नॅशने महापौर बेन वेस्ट यांना सर्वांदेखत विचारलं, केवळ वर्णावरून माणसामाणसांत भेद करणं तुम्हाला चूक वाटतं का? वेस्ट यांना ‘हो’ म्हणावं लागलं. १० मे रोजी शहरातल्या सहा मोठ्या दुकानांनी लंच काउंटर सगळ्यांना खुले केले.

इथे तुमच्यातले काही जण म्हणतील, फिस्क खाजगी होतं, आम्ही शासनाच्या अनुदानावर चालतो. बरोबर आहे, आणि अनुदानावर चालणाऱ्यांची कहाणीही सांगतो. अलाबामा स्टेट कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी त्याच फेब्रुवारीत माँटगोमेरीच्या कोर्टाच्या इमारतीतल्या उपाहारगृहात जेवण मागितलं. राज्याचे गव्हर्नर जॉन पॅटरसन शिक्षण मंडळाचे पदसिद्ध अध्यक्ष होते. त्यांचा हुकूम आला आणि नऊ विद्यार्थ्यांना काढून टाकलं. नोटीस नाही, सुनावणी नाही. गुन्हा नेमका कोणता हेही पत्रात धड लिहिलेलं नव्हतं. त्यातली काही मुलं कोर्टात गेली. सेंट जॉन डिक्सन हा त्यातला पहिल्या नावाचा वादी. ऑगस्ट १९६१मध्ये फेडरल अपील न्यायालयाने निकाल दिला की सरकारी पैशावर चालणाऱ्या कॉलेजला विद्यार्थ्याला गैरवर्तनासाठी काढायचं असेल तर आधी आरोप स्पष्ट कळवावे लागतील आणि त्याला आपली बाजू मांडू द्यावी लागेल. अमेरिकेत आज कुठल्याही सरकारी विद्यापीठात विद्यार्थ्याला काढण्याआधी त्याचं ऐकून घ्यावं लागतं, ते या मुलांमुळे. गव्हर्नरचा दबाव असूनही कॉलेज ताठ उभं राहिलं असतं तर कदाचित हा निकाल लागलाच नसता. पण त्या नऊ जणांची वर्षं कुणी भरून दिली?

आणि व्हँडरबिल्ट तर खाजगी होतं, श्रीमंत होतं. त्याच्यावर कुठल्या गव्हर्नरचा हात नव्हता. तरी त्याने काढलंच. म्हणून मला अनुदानाचं कारण पुरेसं वाटत नाही.

नॅशव्हिलमध्येच टेनेसी ए अँड आय हे कृष्णवर्णीयांचं सरकारी विद्यापीठ होतं. १९६१च्या उन्हाळ्यात त्याचे विद्यार्थी फ्रीडम राइडमध्ये गेले, गोऱ्या-काळ्यांनी शेजारी बसून केलेल्या बसप्रवासात. मिसिसिपीत पकडले गेले. विद्यापीठाने १४ जणांना काढून टाकलं. २००८ साली त्याच विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिल्या. सत्तेचाळीस वर्षांनी. कुणाची आई ते पाहायला राहिली असेल का, हा प्रश्न मला दर वेळी पडतो.

रॉक हिलचं मात्र मी पळत पळत सांगू शकत नाही.

दक्षिण कॅरोलिनातलं हे लहान गाव. तिथे फ्रेंडशिप ज्युनियर कॉलेज नावाची एक छोटी बॅप्टिस्ट संस्था होती. नॅशव्हिलच्या वर्षभरानंतर चळवळ एका कोड्यात सापडली होती. मुलं बसायची, पकडली जायची, मग वकील, जामीन, दंड. पैसे गोळा करायचे गरिबांकडून आणि ते जायचे त्याच शहराच्या तिजोरीत, जे त्यांना बसू देत नव्हतं. थॉमस गेथर हे कार्यकर्ते तिथल्या मुलांशी या हिशेबावर बोलले. ३१ जानेवारी १९६१ला दहा जण मक्रोरीच्या दुकानात जाऊन बसले आणि लगेच पकडले गेले. दुसऱ्या दिवशी शिक्षा झाली, १०० डॉलर दंड किंवा तीस दिवस सक्तमजुरी. एकाने दंड भरला. नऊ जण तीस दिवसांसाठी यॉर्क काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, तुरुंगछावणीत वाळू उपसायला गेले. आता खर्च काउंटीचा होता. त्यांना खायला घालायचं काउंटीने, पहारा द्यायचा काउंटीने. चारच दिवसांत विद्यार्थ्यांच्या मध्यवर्ती समितीने ठरवलं की आपणही जाऊ, आणि डायन नॅश, रूबी डोरिस स्मिथ, चार्ल्स शेरॉड आणि चार्ल्स जोन्स रॉक हिलला येऊन अटक होऊन आत बसले. तुरुंगातल्या आपल्या माणसाला पाठिंबा देण्याची ही रीत मी दुसरीकडे फार कमी पाहिली आहे. पत्रक काढलं नाही, ती स्वतःच आत गेली.

त्या नऊ जणांच्या नावावर हा गुन्हा चोपन्न वर्षं राहिला. नोकरीचा अर्ज भरताना ‘कधी शिक्षा झाली आहे का’ या ओळीपाशी दर वेळी थांबावं लागत असेल. २८ जानेवारी २०१५ला रॉक हिलच्या कोर्टात न्यायाधीश जॉन हेज यांनी त्यांच्या शिक्षा रद्द केल्या. ज्या न्यायाधीशांनी १९६१ला शिक्षा सुनावली होती, त्यांचे हे पुतणे. सरकारी वकिलांनी भर कोर्टात माफी मागितली. आणि त्यांच्या बाजूने उभे राहिले अर्नेस्ट फिनी, १९६१ला जे तरुण वकील म्हणून हाच खटला हरले होते आणि मधल्या काळात त्याच राज्याचे सरन्यायाधीश होऊन निवृत्त झाले होते. नऊपैकी रॉबर्ट मॅकलो तेव्हा हयात नव्हते.

आता माझं कारण.

१९७९ साल. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यावं म्हणून दीक्षाभूमीवरून लाँग मार्च निघाला होता, आणि ठिकठिकाणी सत्याग्रही पकडले जात होते. मी नोकरीला लागून तीनेक वर्षं झाली होती, कायम व्हायचो होतो. माझ्या बी. ए. भाग दोनच्या वर्गातला एक मुलगा त्यात पकडला गेला. रोल नंबर ४३. वडील गिरणीत. मागच्या बाकावर बसायचा आणि प्रश्न मात्र पुढच्या बाकासारखे विचारायचा. तो कुठे आहे हे वर्गात सगळ्यांना माहीत होतं, मलाही. रोज तासाच्या सुरुवातीला मी हजेरी घ्यायचो. बेचाळीस, हजर. त्रेचाळीस. वर्ग गप्प. मी लाल शाईने गैरहजेरी मांडायचो आणि चव्वेचाळीस म्हणायचो. असं कितीतरी दिवस. मग हजेरी कमी असलेल्यांची यादी मागितली गेली. ती मी माझ्या अक्षरात लिहून दिली. टर्म ग्रँट झाली नाही, नाव कमी झालं. मी पट्टी धरून त्रेचाळीसवर रेघ ओढली.

तो सुटून आला तेव्हा दारात उभा राहून हजेरी ऐकत होता. म्हणाला, “सर, माझं नाव घेतलं नाही तुम्ही.”

मी म्हणालो, “ऑफिसात जाऊन विचार.”

तो गेला. पुन्हा वर्गात दिसला नाही.

त्याला कुणी काढलं नव्हतं. कुलगुरूंचं पत्र नव्हतं, विश्वस्तांची बैठक झाली नाही, कुठल्या वर्तमानपत्राने रान उठवलं नव्हतं. सगळं नियमाने झालं. व्हँडरबिल्टला निदान ठराव करावा लागला आणि त्या ठरावाविरुद्ध राजीनामे तरी देता आले. आमच्याकडे हजेरीपटाने ते काम केलं आणि हजेरीपट माझ्या हातात होता. नेल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांविषयी वाचून मी पुस्तक का मिटलं, ते तुमच्या लक्षात आलं असेल. राजीनामा सोडा, मला फक्त एक अर्ज लिहायचा होता, की हा विद्यार्थी अटकेत असल्याने त्याची गैरहजेरी धरू नये. अर्ध्या पानाचं काम. केलं नाही.

म्हणून तुम्हाला लिहितो आहे. आजही हे असंच होतं. रस्टिकेट करण्याची वेळ क्वचित येते. पंचाहत्तर टक्क्यांची अट, अंतर्गत गुण, प्रॅक्टिकलची तारीख, वसतिगृहातली खोली, शिष्यवृत्तीचं नूतनीकरण, बोनाफाइड मागितलं तर ‘उद्या या’. एवढ्याने मूल बाहेर पडतं आणि कुणाचीच सही त्यावर नसते.

माझं मागणं मोठं नाही. मुलाला अटक झाली असेल आणि त्याच्यावर हिंसेचा आरोप नसेल, तर त्याचे अटकेचे दिवस हजेरीच्या हिशेबात धरू नयेत. आजारपणाच्या दाखल्यावर आपण सूट देतोच, तशीच ही. न्यायालयाच्या परवानगीने तुरुंगातून परीक्षा देता येते. ती परवानगी मिळवण्यासाठी लागणारी कागदपत्रं महाविद्यालयाने मागितल्याच्या दिवशी द्यावीत. पहिल्या तारखेला कोर्टात महाविद्यालयातलं कुणीतरी जावं, काही बोलू नये हवं तर, नुसतं मागच्या बाकावर बसावं. आई-वडिलांना बोलावून दम देण्याची जी पद्धत आहे ती बंद करावी. त्याऐवजी एखाद्या शिक्षकाने त्यांच्या घरी जाऊन चहा घ्यावा. पुस्तकं पाठवावीत. शिस्तभंगाची कारवाई करायचीच असेल तर आरोप लिहून द्या, त्याचं म्हणणं ऐका, आणि पोलिसांचा कागद हाच पुरावा धरू नका. खटल्याचा निकाल लागेपर्यंत तो तुमचा विद्यार्थी आहे.

दगड मारणाऱ्याची, बस जाळणाऱ्याची वकिली मी करत नाही. तळघरातल्या त्या शिकवणीविषयी एवढं लिहिलं ते त्यासाठीच. ज्या मुलाने हात न उचलण्याचा सराव केला आहे त्याच्याशी आणि ज्याने डोकं फोडलं आहे त्याच्याशी आपली कार्यालयं सारखीच वागतात, ही माझी तक्रार आहे. त्या मुलाचं मत तुम्हाला पटावं असंही माझं म्हणणं नाही. मुलं ज्या मागणीसाठी बसली आहेत ती उद्या चुकीचीही ठरेल. पण शांतपणे बसल्याची किंमत तीन वर्षांची पदवी असू नये.

लॉसन जून २०२४मध्ये पंचाण्णवाव्या वर्षी वारले. ज्या व्हँडरबिल्टने त्यांना काढलं, तिथे २००६मध्ये त्यांना अभ्यागत प्राध्यापक म्हणून बोलावलं गेलं आणि आज तिथे अहिंसक चळवळींच्या अभ्यासाची संस्था त्यांच्या नावाने आहे. डायन नॅश यांना २०२२मध्ये त्यांच्या देशाचा सर्वोच्च नागरी सन्मान मिळाला. जॉन लुइस तीस वर्षांहून अधिक काळ अमेरिकेच्या संसदेचे सदस्य होते. हे सगळं झालं म्हणून मी त्यांची बाजू घेत नाही. ज्या दिवशी ती मुलं आत गेली त्या दिवशी यातलं काहीही दिसत नव्हतं. दिसत होती ती फक्त एकवीस वर्षांची मुलं आणि एक कमी होत जाणारी हजेरी. स्टीफन राइट तेवढ्यावरच बोलले होते.

हा विषय आपल्या विद्या परिषदेच्या येत्या बैठकीत घ्यावा, अशी विनंती आहे. ठरावाचा मसुदा मी करून ठेवला आहे, दीड पानाचा आहे. कुणीही मागितला तर पाठवतो. विदर्भातल्या कुठल्याही महाविद्यालयाने बोलावलं तर स्वखर्चाने येऊन यावर बोलेन. आणि १९७९च्या बी. ए. भाग दोनचा तो विद्यार्थी हे वाचत असेल तर त्याच्याही घरी येईन.

कळावे.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक
नागपूर